भोपाळची आठवण पुण्यात बसून कशी ठेवायची

दरवर्षी २ डिसेंबरला सोसायटीच्या ग्रुपवर मेणबत्तीची चित्रं येऊन पडतात, खाली 'भोपाळ गॅस दुर्घटनेतील मृतांना विनम्र अभिवादन' असं लिहिलेलं. रात्रीची जेवणं होईपर्यंत त्याच ग्रुपवर टँकरच्या पाण्याचा वाद रंगलेला असतो. यात कोणाचं मन वाईट नसतं. घटना आपल्या गावची नाही, घरातलं कोणी गेलेलं नाही, मग नेमकं करायचं काय हे कोणाला ठाऊक नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे: घरातले चार जण, एखादी सोसायटी, वाचनकट्टा, कॉलेजातला ग्रुप. उदाहरण भोपाळचं घेतलं आहे, कारण ती दुर्घटना ज्या अर्थाने 'होऊन गेली' असं आपण म्हणतो त्या अर्थाने ती अजून संपलेली नाही.

सुरुवातीला एक कसोटी सांगतो, पुढे प्रत्येक टप्प्यावर ती लावून बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. सोसायटीत त्या पिढीतलं कोणी असेल तर त्यांना विचारा: बाहेरगावच्या माणसाने पानशेतबद्दल कसं बोललेलं तुम्हाला चाललं असतं? उत्तर साधारण एकच येतं. आकडे फेकू नका, रडारड करू नका, काय झालं ते नीट माहीत करून घ्या आणि पुन्हा होणार नाही यासाठी काही करणार असाल तर बोला. भोपाळच्या माणसाची आपल्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा असेल असं मला वाटत नाही.

दिवस आणि वेळ

वायू सुटला तो २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, मध्यरात्रीनंतर, म्हणजे ३ तारीख लागली होती. म्हणून २ ची संध्याकाळ धरावी. हाच दिवस राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणूनही पाळतात. रात्री एकला जागण्याचा हट्ट कोणीतरी धरतोच. कॉलेजच्या मुलांना तो शोभतो, सोसायटीत धरू नका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं गळतात. सात ते सव्वाआठ पुरेसं आहे. मार्गशीर्षातला गुरुवार आला तर अर्ध्या घरांत पूजा आणि जेवण असतं, मग सरळ रविवार घ्या. फक्त सवाईच्या आठवड्यात ढकलू नका, कोणी येणार नाही.

एक पान, दोन्ही बाजूंनी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी दोन-तीन जणांनी बसून माहितीचं एकच पान तयार करायचं, दोन्ही बाजूंनी भरलेलं, त्याहून जास्त नाही. मोठी पुस्तिका केली की ती कोणी वाचत नाही, आणि करणाऱ्यालाच तिचा अभिमान वाटत राहतो.

पहिल्या बाजूला त्या रात्रीचं. युनियन कार्बाइडचा कारखाना 'सेव्हिन' नावाचं कीटकनाशक बनवायचा. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट हा अतिशय विषारी पदार्थ टाक्यांत साठवलेला होता. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आत प्रचंड उष्णता आणि दाब तयार झाला आणि सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. टाक्या गार ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरला आणि वाऱ्याबरोबर जयप्रकाश नगर, काझी कॅम्प अशा झोपलेल्या वस्त्यांत आणि पुढे जुन्या शहरात गेला.

हे तांत्रिक तपशील कशाला, असं कोणीतरी म्हणेल. यासाठी की 'दैवाचा घाला' हा शब्द पानात शिरू नये. पुण्याला तर हे तपशील टाळण्याचं कारणच नाही. अपघाताच्या वैज्ञानिक तपासात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले (एनसीएल) शास्त्रज्ञ होते, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी १९८५-८६ मध्ये एकसदस्यीय चौकशी आयोगासाठी काम केलं होतं. 'मेडिको फ्रेंड सर्कल' या डॉक्टरांच्या गटाने मार्च १९८५ मध्ये भोपाळच्या वस्त्यांत जाऊन आरोग्य-पाहणी केली. त्या गटातही पुण्याचे डॉक्टर राहिले आहेत. तुमच्या ओळखीत एनसीएलमधून निवृत्त झालेलं कोणी असेल तर पान त्यांना दाखवा. चुका ते काढतीलच, आणि दहा मिनिटं बोलायलाही तयार होतील.

दुसऱ्या बाजूला नंतरची चाळीस वर्षं. इथे आकड्यांचा घोळ होतो. मृत किती? सरकारचा सुरुवातीचा आकडा २,२५९. भरपाईच्या दाव्यांतून मान्य झालेले मृत्यू ५,२९५. पीडितांच्या संघटना पंधरा-वीस हजारांच्या पुढचा आकडा सांगतात, कारण त्या नंतरच्या वर्षांत आजाराने गेलेलेही मोजतात. भरपाई मिळालेल्यांची एकूण संख्या पाच लाखांच्या वर आहे. यातला कुठलातरी एक निवडून ठोकून देऊ नका. नियम असा: आकड्याशेजारी तो कोणाचा आणि कशाची मोजदाद आहे ते लिहायचं. जागा पुरली नाही तर आकडा गाळा, त्याचा धनी गाळू नका.

पुढच्या तारखा थोडक्यात. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. बहुसंख्य बाधितांच्या हातात सुरुवातीला पंचवीस हजार रुपये आले. ७ जून २०१० ला कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये कंटेनरांतून इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला, तिथल्या लोकांनी विरोध केला, आणि जूनअखेर तो जाळून झाला. आवाराभोवतालची माती आणि भूजल यांचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

युनियन कार्बाइडचा तेव्हाचा अध्यक्ष वॉरन अँडरसन याचा विषय येणारच. त्याला ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळमध्ये अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला, तो देश सोडून गेला आणि २०१४ मध्ये अमेरिकेत वारला. पानावर दोन ओळी पुरे. त्याच्यावर चर्चा सुरू झाली की ती तासभर थांबत नाही, सगळ्यांना संताप आल्याचं समाधान मिळतं, आणि आज भोपाळमध्ये कोण खोकतंय हा विषय राहून जातो.

माहिती कुठून घ्यायची? इंटरनेट आहेच, पण एक सकाळ ग्रंथालयात घालवा. डिसेंबर १९८४ ची वर्तमानपत्रं ज्यांच्याकडे आहेत अशी जुनी ग्रंथालयं पुण्यात आहेत. आधी फोन करून त्या महिन्याची फाइल बघायला मिळेल का ते विचारा, बांधणीला गेलेली असली तर हेलपाटा होतो. मराठी वाचकाला ही बातमी पहिल्या दिवशी कशी कळली, किती छोटी होती, कितव्या दिवशी मोठी झाली, हे त्या पिवळ्या पानांवर दिसतं. फोटो काढायची परवानगी मागून घ्या.

भोपाळचं माणूस

पुण्यात भोपाळहून आलेले विद्यार्थी आणि नोकरदार भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कोणाला बोलवावं का? बोलवावं, पण आधी एकट्याला भेटून, चहा घेत विचारावं. ग्रुपवर 'आपल्यात कोणी भोपाळचे आहे का, अनुभव सांगा' असं टाकणं असभ्य आहे. तिशीतल्या मुलाचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. असेल ते आजीचं किंवा वडिलांचं. साधं असं म्हणा: "दोन तारखेला आम्ही काही जण बसून भोपाळबद्दल वाचणार आहोत. तू आलास तर बरं वाटेल. बोलायलाच हवं असं काही नाही." तो 'बघतो' म्हणाला तर पुन्हा आठवण करू नका. आला आणि बोलला, तर हिंदीत बोलू द्या, मधे मधे मराठीत समजावून सांगायची गरज पुण्यात पडत नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि 'नको' म्हटल्यावर कारण विचारू नका.

पुण्याला याचा दुसऱ्या बाजूचा अनुभवही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं वाघोलीला आणून शिकवली. ती मुलं आता चाळिशीच्या आगेमागे आहेत, त्यातली कोणी तुमच्याच ऑफिसात असतील. दर सप्टेंबरला त्यांना 'तुझं काय झालं होतं रे तेव्हा' असं विचारणाऱ्यांची संख्या कमी झाली तर चांगलंच.

त्या संध्याकाळी

जागा घरची किंवा सोसायटीचा हॉल. माणसं जास्त होणार असतील तर नवी पेठेतलं एस. एम. जोशी सभागृह किंवा सिंहगड रस्त्यावरचं साने गुरुजी स्मारक अशा कामांना सरावलेलं आहे. डिसेंबरच्या तारखा लवकर जातात, ऑक्टोबरमध्येच विचारा. रस्त्यावर किंवा बागेत जमायचं असेल तर स्थानिक पोलीस चौकीत लेखी अर्ज द्यावा लागतो, महापालिकेची बाग असेल तर उद्यान विभागाकडेही. माझं मत विचाराल तर मेणबत्ती मोर्चा काढूच नये. तो दिसायला छान असतो, पण चालताना कोणाला काही कळत नाही.

पहिली दहा मिनिटं पान मोठ्याने वाचायचं, एकाने नाही, तिघा-चौघांनी वाटून. मग नकाशा. हा भाग चुकवू नका. भोपाळचा नकाशा भिंतीवर लावा आणि कारखाना, रेल्वे स्टेशन, जयप्रकाश नगर यांवर टाचण्या लावा. कारखाना आणि स्टेशन यांत सरळ रेषेत जेमतेम दीड-दोन किलोमीटर अंतर आहे. आता शेजारी त्याच प्रमाणाचा पुण्याचा नकाशा लावा. शनिवारवाड्यापासून सारसबागेपर्यंतही जावं लागत नाही, एवढंच ते अंतर. मध्ये कोण कोण राहतं ते लोकांना बोलू द्या. मंडई, शुक्रवार पेठ, कोणाची मावशी, कोणाचा क्लास. आकड्यांनी जे होत नाही ते इथे होतं.

त्यानंतर माणसं. मृतांची नावं इंटरनेटवरून उचलून वाचू नका, ती खरी आहेत की नाहीत ते आपल्याला तपासता येत नाही आणि त्यांच्या घरच्यांना आपण विचारलेलं नाही. ज्यांचं काम जाहीर आहे अशांबद्दल बोला. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात या कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहीत होते, कोणी लक्ष दिलं नाही. स्टेशनवरचे उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी प्रवाशांनी भरलेली गाडी वरच्या परवानगीची वाट न बघता पुढे सोडली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी बाधित बायकांना घेऊन लढा उभारला, २००४ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, आणि त्यातून बाधित घरांतल्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा राहिला. अब्दुल जब्बार यांनी तीसहून अधिक वर्षं पीडित महिलांचं संघटन चालवलं. ते नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले, पद्मश्री त्यानंतर जाहीर झाली. प्रत्येकाला एकेक माणूस द्या, पाच मिनिटं, कागद बघून चालेल.

पुरल्या जाणाऱ्या त्या लहान मुलाचा फोटो सगळ्यांना माहीत आहे. तो पडद्यावर लावू नका. ज्याने पाहिला आहे त्याच्या डोळ्यांसमोर तो आहेच, आणि मागे लहान मुलं बसलेली असतात. संगणकाने बनवलेली रडणाऱ्या आईची चित्रं तर मुळीच नकोत. शेवटी पाच मिनिटं शांत बसा. दोन मिनिटांत लोक फक्त घड्याळ बघतात. चहा ठेवा. खाऱ्या शेंगदाण्यांवर वाद घालू नका, माणसं दमून येतात.

मुलं

आठ-नऊ वर्षांच्या आतल्यांना ही गोष्ट त्या स्टेशनवरच्या माणसापासून सुरू करून सांगा. मोठ्यांना सगळं सांगता येतं. ती एक प्रश्न हमखास विचारतात: कारखानेवाल्यांना माहीत नव्हतं का? उत्तर आहे, बरंच माहीत होतं. ते लपवू नका.

त्यांना एक काम द्या, ते वर्षभर पुरतं. घातक रसायनं नेणाऱ्या टँकरच्या मागे आणि बाजूला एक चौकोनी पाटी असते, तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक जगभर सारखा असतो. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. मिथाइल आयसोसायनेटचा २४८०. कात्रज बायपासवरून किंवा चाकणच्या रस्त्याने जाताना गाडीतून मुलं हे क्रमांक वहीत टिपतात आणि घरी येऊन शोधतात. शहरातून काय काय धावतं हे आई-वडिलांनाही तेव्हाच कळतं.

सोबत एवढंही शिकवा: वायुगळती झाली तर ओला रुमाल नाकातोंडावर धरायचा, वाऱ्याच्या दिशेने पळत सुटायचं नाही, वाऱ्याला आडवं बाजूला व्हायचं किंवा घरातच राहण्याची सूचना असेल तर दारं-खिडक्या घट्ट बंद करायच्या, आणि ११२ लावायचा. ओल्या कापडाची ही साधी गोष्ट त्या रात्री भोपाळच्या लोकांना कोणी सांगितली नव्हती.

पैसे द्यायचे असतील तर

द्या, पण मोठी रक्कम एकदाच देण्यापेक्षा छोटी रक्कम दर वर्षी. भोपाळमध्ये १९९६ पासून बाधितांवर मोफत उपचार करणारं संभावना क्लिनिक आहे, चिंगारी ट्रस्ट आहे. देण्याआधी संस्थेला फोन करा, सध्या काम कसं चालू आहे विचारा, ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) आहे का बघा, आणि पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच जातील याची खात्री करा. कोणा व्यक्तीच्या मोबाइल नंबरवर पाठवू नका. सोसायटीने गोळा केले तर पावतीची प्रत नोटीस बोर्डावर. जुने कपडे गोळा करू नका.

इथलं काम

माझ्या लेखी आठवणीचा खरा भाग इथे सुरू होतो. भोपाळनंतर देशात कायदे झाले: १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांबद्दलची दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा, आणि १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम. शेवटच्या नियमांनुसार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली डिस्ट्रिक्ट क्रायसिस ग्रुप, म्हणजे रासायनिक अपघातांसाठीचा जिल्हा गट, असावा लागतो आणि औद्योगिक भागांत स्थानिक गट. हे कायदे भोपाळच्या माणसांनी मोठी किंमत देऊन आपल्याला मिळवून दिले आहेत. ते आपल्या जिल्ह्यात कागदावर आहेत की जागेवर, हे बघणं पुण्यातून करता येण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे बघण्यासारखं आहे. कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात आग लागून डझनाहून जास्त कामगार गेले, बहुतेक बायका. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन गळून पोहायला आलेल्यांना श्वासाचा त्रास झाला. शीतगृहं, बर्फाचे कारखाने आणि दूध प्रकल्पांत अमोनिया असतो. यातलं काहीही भोपाळएवढं नाही, पण भोपाळमध्येही १९८१ मध्ये वायूने एक कामगार गेला होता आणि तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

तर दर डिसेंबरला माहिती अधिकाराचा एक अर्ज करायचा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना, किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयाला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लागतो, शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो, राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. मजकूर असा ठेवा:

"विषय: पुणे जिल्ह्यातील रासायनिक अपघातांसाठीचे आपत्कालीन नियोजन. कालावधी: मागील तीन वर्षे. १) डिस्ट्रिक्ट क्रायसिस ग्रुपच्या बैठकांच्या तारखा व इतिवृत्तांच्या प्रती. २) जिल्ह्यातील मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या (एमएएच) कारखान्यांची तालुकानिहाय यादी. ३) या कारखान्यांच्या परिसरात घेतलेल्या मॉक ड्रिलच्या तारखा व त्यांचे अहवाल."

'का', 'कशामुळे' असे प्रश्न घालू नका, माहिती नाही म्हणून अर्ज परत येतो. कागद मागायचे, मत मागायचं नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयात प्रथम अपील. सुरक्षेचं कारण देऊन काही भाग नाकारतात. मग बैठकांच्या आणि ड्रिलच्या फक्त तारखा मागा, त्या नाकारणं अवघड जातं. कुरकुंभ, रांजणगाव, चाकण भागात नातेवाईक असतील तर आलेलं उत्तर तिथल्या ग्रामपंचायतीपर्यंत पोचवा. त्यांना त्याचा उपयोग आपल्यापेक्षा जास्त.

जाऊन यायचं असेल तर

पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट भोपाळला जाते, संध्याकाळी बसलं की सकाळी उतरता येतं. पीडितांच्या संघटनांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये सुरू झालेलं 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय बघा. लोकांच्या घरातल्या वस्तू आणि त्यांच्याच आवाजातल्या आठवणी तिथे आहेत. जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या. कारखान्यासमोर जयप्रकाश नगरजवळ आई आणि मुलाचा पुतळा आहे, १९८५ मध्ये उभारलेला. आसपासच्या घरांचे फोटो काढू नका आणि परवानगीशिवाय कारखान्याच्या आवारात शिरू नका. २-३ डिसेंबरला गेलात तर मोर्च्यात मागे चाला, घोषणा त्यांच्या आहेत.

पुढच्या वर्षी

ते दोन बाजूंचं पान एका माणसाच्या नावावर ठेवा, कोपऱ्यात तारीख घाला, आणि दर नोव्हेंबरमध्ये त्याने दुसरी बाजू पुन्हा तपासायची: न्यायालयात काय झालं, कारखान्याच्या जागेचं काय ठरलं, पाण्याचं काय झालं, क्लिनिक चालू आहे का. माहिती अधिकाराचं उत्तर त्याच फाइलमध्ये लावा. तो माणूस पुणे सोडून गेला तर फाइल सोसायटीच्या सेक्रेटरीकडे न देता दुसऱ्या कोणाकडे द्या. सेक्रेटरी दरवर्षी बदलतात आणि फाइली कपाटावर जातात.